व्यसनमुक्तीचे अर्थकारण

अमेरिकेतील पश्चिम व्हर्जिनिया राज्याची लोकसंख्या १९५० साली २० लाख होती. कोळशाच्या खाणींत यंत्रे आली, रोजगार गेला, तरुण बाहेर पडले. २०२० च्या जनगणनेत ती १८ लाखांखाली उतरली. तेथल्याच कर्मिट या सुमारे चारशे वस्तीच्या गावातील एका औषधविक्रेत्याला दोन वर्षांत जवळजवळ ९० लाख अफूसदृश वेदनाशामक गोळ्या पुरविल्या गेल्याचे २०१६ साली उघडकीस आले. गोळी सुटताच होणारी तगमग सामान्यतः आठवडाभरात ओसरू लागते. पण त्याबरोबर शरीराची सहनशक्तीही घटते. ओस गावी परतलेल्या रुग्णाने पुन्हा पूर्वीचीच मात्रा घेतली, तर ती प्राणघातक ठरू शकते. म्हणून औषध कंपन्यांकडून तडजोडीपोटी राज्याला मिळणारा पैसा केवळ शरीरशुद्धीवर न संपवता दीर्घकालीन औषधोपचार आणि रोजगार यांवरही खर्ची पडला पाहिजे.