दक्षिणेकडच्यांना घर भाड्याने मिळणार नाही

तुरीन हे उत्तर इटलीतलं मोटारींचं शहर. फियाटचा प्रचंड मिराफिओरी कारखाना इथलाच. १९५० आणि १९६०च्या दशकांत या शहरातल्या कित्येक इमारतींच्या दारांवर एक पाटी दिसायची: ‘दक्षिणेकडच्यांना घर भाड्याने मिळणार नाही.’ ती परदेशी माणसांसाठी नव्हती. त्याच देशाच्या, त्याच धर्माच्या, मतदार यादीत नाव असलेल्या नागरिकांसाठी ती होती. कालाब्रिया, पुलिया, नेपल्स, सिसिली इथून पोटासाठी आलेल्या इटालियनांसाठी.

मी मूळची अंबाजोगाईची. नोकरीच्या निमित्ताने तुरीनला राहते. आमच्या मजल्यावर समोरच्या घरात कालाब्रियाहून लहानपणी इथे आलेल्या एक आजीबाई आहेत. त्यांचे वडील मिराफिओरीत मोटारींच्या जुळणीच्या कामावर होते. घर शोधायला निघालं, की आई या मुलीला पुढे करायची, कारण शाळेत जाऊन तिची बोली तुरीनच्या मुलांसारखी झाली होती. मुलगी बोलत असेपर्यंत घर रिकामं असायचं. आईने तोंड उघडलं, की ते ‘कालच गेलेलं’ असायचं. साठ वर्षं उलटली, तरी हे सांगताना आजींचा आवाज चढतो.

त्या काळात सिसिलीहून तुरीनला येणाऱ्या गाडीला लोक ‘सूर्याची गाडी’ म्हणत. दोरीने बांधलेल्या पुठ्ठ्याच्या बॅगा घेऊन माणसं पोर्ता नुओवा स्थानकावर उतरत. १९५१मध्ये तुरीनची लोकसंख्या सुमारे ७ लाख २० हजार होती. १९७१मध्ये ती ११ लाख ६० हजारांवर गेली. एवढ्यांना पुरतील इतकी घरं नव्हतीच. पोटमाळ्यावरच्या एकाच खाटेवर दिवसपाळीचा रात्री आणि रातपाळीचा दिवसा झोपे. आपल्या गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या गड्यांनी हेच भोगलं.

त्यात मुसोलिनीच्या राजवटीतला १९३९चा एक कायदा अजून लागू होता. शहरात रहिवासाची नोंद हवी तर आधी नोकरी दाखवा, आणि नोकरी हवी तर आधी रहिवासाची नोंद दाखवा, असा तो पेच होता. तो १९६१मध्ये रद्द झाला. तोपर्यंत हजारो माणसं आपल्याच देशात बेकायदा राहिल्यासारखी राहिली. अशा माणसाला कमी मजुरीवर राबवून घेणं सोपं होतं, आणि ठेकेदारांनी ते केलं.

आणि शहर या लोकांविषयी काय बोलत होतं? हे आळशी आहेत. गलिच्छ आहेत. फार मोठ्याने बोलतात, फार मुलं जन्माला घालतात, चाकू चालवतात. यांना बाथटब दिला तर त्यात बेसिलची रोपं लावतात. ही बाथटबची गोष्ट तुरीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. यातला ‘आळशी’ हा शब्द मला सर्वांत जास्त खुपतो. मिराफिओरीच्या यंत्रांपुढे उभं राहून देशाला फियाट ६०० आणि फियाट ५०० या गाड्या देणाऱ्या कामगारांत मोठा भाग याच दक्षिणेकडच्यांचा होता. दिवसभर त्यांच्या कष्टावर शहर श्रीमंत होत होतं आणि संध्याकाळी त्यांनाच आळशी म्हणत होतं.

हा समज आला कुठून, हे समजून घ्यायला शंभर वर्षं मागे जावं लागतं. आज आपण ज्याला इटली म्हणतो तो देश १८६१मध्ये जन्मला. त्याआधी दक्षिणेत नेपल्सची गादी असलेलं वेगळं राज्य होतं आणि उत्तरेत तुरीनहून राज्य करणारं पीडमाँटचं घराणं. १८६०मध्ये गॅरिबाल्डी हजारभर स्वयंसेवक घेऊन सिसिलीत उतरला आणि काही महिन्यांत दक्षिणेचं राज्य कोसळलं. १७ मार्च १८६१ला तुरीनमध्ये एकसंध इटलीची घोषणा झाली.

त्या वेळी नेपल्स हे इटलीतलं सर्वांत मोठं शहर होतं. तिथलं विद्यापीठ १२२४चं. तिथलं सान कार्लो हे संगीतगृह १७३७चं, म्हणजे मिलानच्या जगप्रसिद्ध ला स्कालाहून चाळीस वर्षांनी जुनं. इटलीच्या भूमीवरची पहिली रेल्वे १८३९मध्ये धावली तीही नेपल्सहूनच. याचा अर्थ दक्षिणेत सुखसमृद्धी नांदत होती असा नाही. खेड्यांत भयानक दारिद्र्य होतं. मैलोन्‌मैल जमिनीचे मालक नेपल्स-पालेर्मोत राहत, कूळ मलेरियाने मरे, शाळा जवळजवळ नव्हत्याच. पण ‘ही माणसंच कमी प्रतीची’ हे विधान आणि ‘इथे जमीन मूठभरांकडे आहे’ हे विधान, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

नव्या देशाने या दुखण्यावर फुंकर घातली नाही. पीडमाँटची कमी जकात एका झटक्यात साऱ्या देशाला लागू झाली आणि संरक्षणात वाढलेले दक्षिणेतले कारखाने बसले. चर्चच्या आणि गावकीच्या जमिनी विकायला काढल्या, त्या पुन्हा पैसेवाल्यांनीच घेतल्या. चिडलेल्या दक्षिणेत बंड पेटलं. सरकारने त्याला दरोडेखोरी ठरवून लाखभर सैन्य उतरवलं आणि १८६३मध्ये खास कायदा करून लष्करी न्यायालयं बसवली. पुढे १८८७मध्ये उत्तरेतल्या कारखानदारीला जपणारी चढी जकात आली, तिच्यातून फ्रान्सशी व्यापारयुद्ध झालं आणि फटका बसला तो दक्षिणेतल्या द्राक्षमळेवाल्यांना.

हा सगळा हिशेब पुढे असताना एका डॉक्टरने वेगळंच कारण काढलं. चेझारे लोम्ब्रोझो हा तुरीन विद्यापीठातला प्राध्यापक. चोरीच्या आरोपावरून तुरुंगात गेलेल्या व्हिलेल्ला नावाच्या कालाब्रियन माणसाच्या कवटीत मागच्या बाजूला त्याला एक खळगा दिसला. तेवढ्यावरून त्याने सिद्धांत मांडला, की गुन्हेगार जन्मतःच गुन्हेगार असतो आणि मानवाच्या मागच्या पायरीवर अडकलेला असतो. १८७६मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि जगभर गाजलं. त्याच्या वाटेने गेलेल्यांनी दक्षिणेची जातकुळीच निराळी आणि हलकी ठरवून टाकली. त्यांत आल्फ्रेदो निचेफोरो हा तर स्वतः सिसिलीचा. लोम्ब्रोझोचं संग्रहालय आजही तुरीनमध्ये आहे. काचेच्या कपाटांत ओळीने मांडलेल्या कवट्या मी तिथे पाहिल्या. व्हिलेल्लाची कवटी परत मिळावी म्हणून त्याच्या गावाने खटला भरला. पहिल्या न्यायालयात गाव जिंकलं, पण २०१९मध्ये सर्वोच्च पातळीवर संग्रहालयाची बाजू कायम झाली. विज्ञानाने तो सिद्धांत केव्हाच मोडीत काढला आहे. पण ‘त्यांच्या रक्तातच आहे’ असं म्हणायला आता कुणाला कवटीची गरज उरलेली नाही.

या सिद्धांताला सडेतोड उत्तर देणारा माणूसही तुरीननेच पाहिला. अंतोनिओ ग्राम्शी हा सार्डिनिया बेटावरचा गरीब घरातला मुलगा. १९११मध्ये शिष्यवृत्तीवर तुरीनला शिकायला आला आणि इथल्या कामगार चळवळीत वाढला. १९२६मध्ये त्याने दक्षिणेच्या प्रश्नावर एक निबंध लिहायला घेतला. नोव्हेंबरात फॅसिस्टांनी त्याला अटक केली आणि तो अपुरा राहिला. त्याचं म्हणणं असं, की दक्षिण ही देशाच्या पायातली बेडी आहे आणि तिथली माणसं निसर्गतःच कमी आहेत, हे उत्तरेतल्या कामगाराच्या मनात पद्धतशीर भरवलं गेलं. कामगाराने शेतकऱ्याला तुच्छ लेखलं, की दोघे कधी एकत्र येत नाहीत आणि कारखानदार व जमीनदार दोघेही निश्चिंत राहतात. प्रादेशिक तुच्छतेतून कुणाचा तरी फायदा होतो, हे त्याने इतक्या स्पष्टपणे मांडलं. मला वाटतं, या विषयावर याहून महत्त्वाचं कुणी काही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीने प्रयत्न केले, हे नोंदवायला हवं. तुरीनचाच डॉक्टर आणि चित्रकार कार्लो लेव्ही याला मुसोलिनीने दक्षिणेतल्या आडगावी हद्दपार केलं होतं. तिथल्या दैन्यावरचं त्याचं पुस्तक १९४५मध्ये आलं आणि देश हादरला. मातेरा गावात माणसं जनावरांसह डोंगरातल्या गुहांत राहत होती. १९५२मध्ये कायदा करून त्यांना नवी घरं दिली. १९५०मध्ये दक्षिणेसाठी खास निधी उभा राहिला. त्यातून रस्ते, धरणं, पाणी आलं. पुढे मात्र पैसा पुढाऱ्यांच्या हातून वाटला जाऊ लागला आणि आजूबाजूला कसलाच पूरक धंदा नसलेले अवाढव्य कारखाने उभे राहिले. आजही दक्षिणेचं दरडोई उत्पन्न उत्तर आणि मध्य इटलीच्या निम्म्याहून थोडंच अधिक आहे. शिकलेली मुलं उत्तरेला येतात, मोठ्या आजारपणात रोगीही उत्तरेच्या रुग्णालयांकडे धाव घेतात.

दक्षिणेत माफिया आहे, वशिलेबाजी आहे, हेही खरंच. ते झाकून कुणाचं भलं होणार नाही. पण १९९२मध्ये माफियाने बॉम्बस्फोटांत ठार केलेले फाल्कोने आणि बोर्सेल्लिनो हे दोन न्यायाधीश पालेर्मोचेच होते. माफियाशी लढताना सर्वांत जास्त रक्त दक्षिणेनेच सांडलं. ‘तिकडचे सगळे तसलेच’ म्हणणारा माणूस गुंडाला आणि गुंडाशी लढणाऱ्याला एकाच पंगतीत बसवतो.

१९९०च्या दशकात या तुच्छतेला पक्ष मिळाला. आमच्या कराचा पैसा रोम आणि दक्षिण खाऊन टाकते, असं म्हणत उंबेर्तो बोस्सीची ‘नॉर्दर्न लीग’ वाढली. १९९६मध्ये त्याने व्हेनिसला उत्तरेचा वेगळा देशच जाहीर करून टाकला. तो देश झाला नाही. २०१८च्या निवडणुकीत या पक्षाने नावातलं ‘नॉर्दर्न’ बाजूला ठेवलं आणि दक्षिणेतही मतं मागितली. मूळ मागणी मात्र सुटली नाही. प्रांतांना जादा स्वायत्तता देणारा कायदा जून २०२४मध्ये झाला. श्रीमंत प्रांत पुढे आणि गरीब मागे पडतील, ही दक्षिणेची भीती होती. नोव्हेंबरात घटना न्यायालयाने त्यातल्या महत्त्वाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या.

आता माझ्या गावाकडचं. बारावीनंतर मी पुण्याला शिकायला गेले, तेव्हा ‘मराठवाड्याची? वाटत नाहीस हं!’ हे वाक्य कितीदा ऐकलं. म्हणणारी माणसं प्रेमाने म्हणत. आमच्या बोलण्यातले हेल, ‘करू लालो, जाऊ लालो’ यांवर वर्गात खसखस पिकायची. आमच्या समोरच्या घरातल्या आजींना तुरीनमध्ये ‘तुम्ही दक्षिणेकडच्या वाटत नाही’ असं अजूनही ऐकवलं जातं. हे कौतुक नाही. तुझे सगळेसोयरे कमी आहेत, तू तेवढी सुटलीस, असं ते सांगणं आहे.

मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि मराठवाड्याला आपलं विद्यापीठ मिळालं ते १९५८मध्ये. बीड शहरात रेल्वे यायला स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ गेला. १९८४मध्ये वि. म. दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य यांतला जिल्ह्याजिल्ह्यांचा अनुशेष आकड्यांत मांडला. मागासलेपण मोजता येतं, त्याला कारणं असतात आणि ती दूर करता येतात, हे त्या अहवालाने महाराष्ट्राला दाखवून दिलं. तरी बोलण्यात मात्र ‘तिकडच्यांना करायलाच नको असतं’ हेच चालतं. दर दिवाळीच्या सुमारास बीडहून लाखो माणसं मुलाबाळांसह ऊसतोडीला निघतात आणि पश्चिम महाराष्ट्राचे साखर कारखाने चालतात. त्यांना आळशी म्हणणाऱ्याने एकदा पहाटे उसाच्या फडात उभं राहून पाहावं.

बोली, जेवण, सणवार यांत प्रदेशाप्रदेशांचा फरक असणारच आणि तो असावा. थट्टामस्करीही असावी, ती दोन्हीकडून होते तोवर. पण ज्या दिवशी त्या थट्टेवरून कुणाला घर नाकारलं जातं, नोकरी नाकारली जाते किंवा निधी अडवला जातो, त्या दिवशी ती थट्टा राहत नाही, अन्याय होतो. म्हणून वाचकांना माझी एक विनंती आहे. ‘तिकडचे लोक असेच’ असं कुणी म्हणालं, मग ते तिकडचे बिहारचे असोत, मराठवाड्याचे असोत, तमिळनाडूचे की ईशान्येचे, तर गप्प बसू नका. तिथली जमीन कुणाकडे होती, शाळा कधी आली, पाणी कुणी अडवलं आणि तिथल्या माणसांच्या कष्टावर आज कुणाची शहरं उभी आहेत, हे विचारा. आणि तुमच्या इमारतीत एखादं घर रिकामं असेल, तर ते माणसाचं गाव न विचारता भाड्याने द्या.