भंगारात निघालेला संगणक आणि वस्तीतला विद्यार्थी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा थांबवला. नवी विंडोज ११ प्रणाली चालवायची तर साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते. म्हणजे काय झाले? परवापर्यंत पगारपत्रके काढणारे, बिले छापणारे धडधाकट संगणक एका तारखेने म्हातारे ठरले. मुंबईतल्या कचेऱ्यांत आणि आमच्या वसई पूर्वेच्या वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांत असे संगणक कोपऱ्यात ढकलले जातील, मग भंगारवाल्याच्या काट्यावर जातील आणि किलोच्या भावाने विकले जातील.

आणि त्याच गाळ्यांपासून हाकेच्या अंतरावर नालासोपारा पूर्वेच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणारी मुलगी बारावीची ऑनलाइन चाचणी आईच्या मोबाइलवर देत असेल. आईला कामावर जायचे असते. मोबाइल तिच्याबरोबर जातो.

हा प्रश्न आम्हाला दयेचा वाटत नाही, दरवाजाचा वाटतो. पूर्वी शाळेच्या दारावर उभा राहून कोणीतरी सांगत असे, तू बाहेर बस. आज असे कोणी सांगत नाही. फक्त परीक्षा संगणकावर घेतली जाते. राज्याची एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर आहे, जेईई मेन त्याच वर्षापासून पूर्णपणे संगणकावर आली, २०२३ ची तलाठी भरती संगणकावर झाली. टायपिंगची शासकीय परीक्षा टाइपरायटर सोडून संगणकावर आली. मागासवर्गीय विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती महाडीबीटीच्या पोर्टलवर, अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून साऱ्या राज्यात ऑनलाइन. ज्या मुलाने परीक्षेच्या दिवशीच पहिल्यांदा माऊस हातात धरला, तो गणितात कच्चा नसतो. पण त्याची पहिली दहा मिनिटे कुठे गेली हे निकालपत्रात लिहिलेले नसते.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ साली, देशातल्या शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के आणि ग्रामीण कुटुंबांपैकी अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. त्यानंतर दोनच वर्षांत टाळेबंदी आली आणि सरकारने सांगितले, शिक्षण घरबसल्या घ्या. १ जून २०२० रोजी केरळात टीव्हीवरून वर्ग सुरू झाले, आणि त्याच दिवशी मलप्पुरम जिल्ह्यातल्या एका दलित शाळकरी मुलीने जीव दिला. वडील रोजंदारी मजूर, घरात स्मार्टफोन नाही आणि टीव्ही होता तो बिघडलेला. दुरुस्तीला पैसे नव्हते. वाचकहो, त्या घरात यंत्र नव्हते असे नाही. यंत्र होते, दुरुस्त नव्हते. पुढे नोव्हेंबरात दिल्लीच्या नामांकित महाविद्यालयात शिकणारी तेलंगणातली एका मोटरसायकल मेकॅनिकची मुलगी गेली. तिला हवा होता एक लॅपटॉप, तोही जुना चालला असता.

‘आता सगळ्यांकडे मोबाइल आहे,’ असे म्हणणारे आम्हाला रोज भेटतात. त्यांनी मोबाइलवर वीस पानांचा प्रकल्प लिहून दाखवावा. एक्सेलचा तक्ता करून दाखवावा. मोबाइल हे मुख्यतः बघण्याचे यंत्र आहे, संगणक करण्याचे. आमच्या मुलांच्या हाती बघण्याचे यंत्र द्यायचे आणि करण्याचे दुसऱ्यांच्या घरी ठेवायचे, ही विभागणी नवी आहे का?

आता कोणी विचारील, जुने संगणक कशाला, नवे मागा. जरूर मागावेत. सरकारकडून नव्याची मागणी सोडण्याचे कारण नाही. पण मागणी मंजूर होईपर्यंत मूल थांबत नाही, ते दहावी होऊन निघून जाते. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी ८ जुलै १९४५ ला स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले ते महायुद्धानंतर रिकाम्या झालेल्या लष्करी बराकीत. भव्य इमारत होईपर्यंत थांबू, असे ते म्हणाले नाहीत. नोकरी करणाऱ्या मुलांसाठी वर्ग सकाळी भरवले. बराक जुनी होती, शिक्षण जुने नव्हते.

आमच्या कोकणपट्टीत गोव्याने हे करून दाखवलेले आहे. शतक पालटत असताना ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर प्रोजेक्ट’ या नावाने तिथल्या आणि परदेशी गेलेल्या गोवेकरांनी अमेरिकेतून वापरलेले संगणक जहाजाने मागवून शाळांत बसवले. परवान्याचा खर्च परवडत नाही म्हणून त्यांनी त्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली घातली. गोव्याला साता समुद्रापलीकडून आणावे लागले. आम्हाला विरार लोकलच्या वाटेवरून आणायचे आहे.

काम काय असते ते सांगतो, कारण ‘दुरुस्ती’ म्हटले की लोक मोठे शास्त्र समजतात. पेटी उघडायची, धूळ काढायची. वसईची हवा खारी आणि दमट, त्यामुळे रॅमच्या पट्टीवर गंज धरतो. पट्टी काढून तिचे पितळी दिसणारे टोक खोडरबराने पुसले तर ‘मेलेला’ संगणक पुष्कळदा उठून बसतो. तारीख-वेळ चुकत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलायचा. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावायची. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची आणि रॅम चारची आठ जीबी करायची, एवढ्याने दहा वर्षांचा संगणक ओळखू येत नाही. सुटे भाग ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर मिळतात, विरारहून एकाच गाडीत. मग लिनक्स मिंट किंवा उबंटू, नाहीतर सी-डॅकची बॉस प्रणाली, आणि मराठी टंकलेखनाची सोय. पैसा लागतो तो एसएसडी-रॅमला. बाकी हात आणि चिकाटी.

हा हात कोणाचा, यावर आम्ही थोडे थांबतो. या देशात दुरुस्त करणारा हात आणि शिकणारे डोके वेगळे ठेवण्याचा उद्योग फार जुना आहे. तारा जाळून तांबे काढणारे, खोकला घेऊन घरी जाणारे पोर बहुधा आमच्याच वस्तीतले असते. त्याच पोराला पेचकस, मल्टिमीटर आणि शिकवणारा माणूस मिळाला तर तो तीच पेटी जिवंत करील आणि त्याच्या बहिणीपुढे ठेवील. आयटीआय झालेली, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर बसणारी कितीतरी मुले वसई-विरारमध्ये आहेत. रविवारची सकाळ त्यांच्याकडे मागायला हवी, आणि भाड्याचे व चहाचे पैसेही द्यायला हवेत. फुकटच्या श्रमावर चालणारी समाजसेवा आम्हाला पटत नाही.

दुसरी गोष्ट दात्यांसाठी. हार, फलक आणि फोटो यांत रमून बंद पडलेले डबे शाळेत उतरवून जाणाऱ्यांना नम्रपणे सांगायला हवे की तो तुमचा कचरा आहे, दान नव्हे. जे चालू होत नाही ते नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रात पाठवण्याची जबाबदारी मुख्याध्यापकाच्या गळ्यात बांधू नये. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि त्यांत जुने यंत्र दुरुस्त करून आयुष्य वाढवणाऱ्यालाही स्थान आहे. कंपन्यांना माहिती फुटण्याची भीती असते. ती रास्त आहे. डिस्क त्यांच्यासमोर पुसून द्यावी, नाहीतर त्यांनी डिस्क काढून घ्यावी. पेटीही काढून घेऊ नये.

ठेवायचे कुठे, हा प्रश्न खरा अवघड. २००९ मध्ये चार नगरपरिषदा मिळून वसई-विरार महापालिका झाली, २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या बारा लाखांवर गेली, तरी प्राथमिक शाळा अनेक वर्षे जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. कोणी कोणाकडे मागायचे यातच वर्षे गेली. भाताणे, मेढे, पारोळच्या पाड्यांवर तर वीज किती वेळ राहील याचा भरवसा नसतो. तिथे डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप बरा, बॅटरी नवी घालून. चाळीतल्या खोलीत टेबलाला जागा नसते आणि जुलै २०१८ सारखा पाऊस झाला तर तळमजल्यावर पाणी शिरते, म्हणून तिथेही लॅपटॉपच. डेस्कटॉप बुद्धविहारांच्या आणि समाजमंदिरांच्या अभ्यासिकेत ठेवावेत, जमिनीपासून उंच, आणि रात्री दहापर्यंत दार उघडे राहील अशा बोलीवर. चैत्यभूमीवर फुले-मेणबत्त्यांऐवजी वही-पेन आणा, ही हाक लोकांनी ऐकली आणि पाळली. त्याच लोकांना एका एसएसडीची वर्गणी जड नाही.

एक अडचण झाकून ठेवत नाही. एमएस-सीआयटी आणि टायपिंगचे वर्ग बहुतेक विंडोजवर चालतात, मुले लिनक्सवर शिकली तर तिथे बुजतील, असे पालक म्हणतात. केरळच्या सरकारी शाळांतली मुले वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवरच शिकत आहेत आणि ती पुढे कुठे अडली असे दिसत नाही. तरीही पालकांचे मन राखायचे तर अभ्यासिकेत एक-दोन संगणक अधिकृत विंडोजचे ठेवावेत. चोरीची प्रत मात्र घालू नये. ती व्हायरस घेऊन येते आणि दुरुस्तीवाल्या पोरांचा पुढचा रविवार खाते.

आणि अभ्यासिकेची किल्ली विहाराच्या अध्यक्षांच्या खिशात न ठेवता वापरणाऱ्या मुला-मुलींपैकी दोघांकडे द्यावी, त्यात एक मुलगी असावी. संध्याकाळी सातला मुले दाराशी उभी आणि अध्यक्ष कुठल्याशा सभेला गेलेले, हे दृश्य आमच्या वस्त्यांना पुरेसे ओळखीचे आहे.