धातूची जन्मखूण

कुंभकोणमजवळ शिवपुरम् नावाचे एक लहानसे गाव आहे. १९५१ साली तेथे जमिनीखालून काही प्राचीन कांस्यमूर्ती निघाल्या. त्यांत चोळकालीन नटराजाची एक देखणी मूर्ती होती. काही वर्षांनी डागडुजीसाठी या मूर्ती एका कारागिराकडे सोपवण्यात आल्या, यथावकाश परतल्या आणि पूजाअर्चा पूर्ववत सुरू झाली. ब्रिटिश म्युझियमचे अभ्यासक डग्लस बॅरेट यांचा आद्य चोळ कांस्यमूर्तींवरील ग्रंथ १९६५ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध झाला, तेव्हा उलगडा झाला: देवळात होती ती केवळ नक्कल! अस्सल नटराज केव्हाच संग्राहकांच्या बाजारात पोहोचला होता. पुढे १९७३ मध्ये नॉर्टन सायमन या अमेरिकी संग्राहकाने तो सुमारे नऊ लाख डॉलरना विकत घेतला. भारत सरकारने दावा लावला, तडजोड झाली आणि १९८० च्या दशकात मूर्ती मायदेशी आली.

मधल्या काळात भाविकांनी ज्या मूर्तीपुढे हात जोडले, ती त्यांच्या दृष्टीने देवच होती. तिला खोटी म्हणणे श्रद्धेला जड जाते. परंतु अभ्यासकाला आणि न्यायालयाला हा प्रश्न टाळता येत नाही. शैली ओळखणारी बॅरेट यांच्यासारखी नजर दुर्मीळ, शिवाय नजरेविषयी मतभेद होऊ शकतात. मग खुद्द धातूलाच साक्षीला बोलावता येईल काय?

या प्रश्नाभोवती ज्यांची विद्यापीठीय कारकीर्द उभी राहिली, त्यांत डॉ. शारदा श्रीनिवासन यांचे नाव अग्रणी आहे. मुंबईच्या आयआयटीतून १९८७ मध्ये अभियांत्रिकी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन त्या लंडनला गेल्या आणि तेथील पुरातत्त्व संस्थेतून दक्षिण भारतीय कांस्यमूर्तींच्या धातुविज्ञानावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे बंगळुरूच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड स्टडीज या संस्थेत त्यांनी अध्यापन व संशोधन केले. भरतनाट्यमचेही शिक्षण घेतलेल्या या विदुषीला नटराजाचे आकर्षण वाटावे, यात नवल नाही. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

त्यांच्या अभ्यासाचा गाभा समजण्यास फार रसायनशास्त्र लागत नाही. कांस्यात तांबे व कथील यांच्या जोडीला बहुधा शिसे असते. शिशाचे चार स्थिर समस्थानिक आहेत. त्यांपैकी तीन युरेनियम व थोरियम यांच्या क्षयातून सतत वाढत असल्याने त्यांचे परस्परप्रमाण खनिजसाठ्याच्या वयानुसार बदलते. धातू वितळवला, ओतला, घासला, तरी हे प्रमाण ढळत नाही. मूर्तीच्या सहसा न दिसणाऱ्या भागातून काढलेली चिमूटभर भुकटी त्याला पुरते. मात्र जुनी भांडी, घंटा वितळवून नवी मूर्ती घडवली असेल, तर अनेक खुणांची सरमिसळ होते. म्हणून शैली, शिलालेख आणि प्रयोगशाळा यांनी एकमेकांचा हात धरूनच चालावे लागते.

श्रीनिवासन यांनी चेन्नई व लंडन येथील संग्रहालयांतील सुमारे १३० धातुमूर्ती अशा रीतीने तपासल्या आणि निश्चित काळाच्या मूर्तींशी इतरांची तुलना केली. नटराजाचे कांस्यरूप दहाव्या शतकातील चोळांची निर्मिती, ही रूढ समजूत होती. पण नटराजाच्या दोन मूर्तींची खूण त्याआधीच्या पल्लवकालीन गटाशी जुळते, असे त्यांनी मांडले. पंचलोहातील सोन्याचांदीबद्दल आपल्याकडे मोठे कौतुक असते. तपासणीत बहुतेक मूर्ती शिसेमिश्रित कांस्याच्याच निघाल्या.

संशोधनाची दुसरी बाजू प्रयोगशाळेबाहेर, कुंभकोणमपासून काही किलोमीटरवरच्या स्वामिमलै येथे होती. तेथील स्थपती आजही मधूच्छिष्टविधानाने मूर्ती ओततात. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ज्याचे वर्णन केले, तीच ही रीत. नारळीच्या झावळीच्या पट्टीला घड्या घालून मापे घ्यायची, मेण व राळ यांची प्रतिमा घडवायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मऊ मातीचे थर चढवायचे. भट्टीत मेण वाहून गेले, की त्या पोकळीत तप्त रस ओततात. शेवटी साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. नक्कल करणाऱ्यालाही सारा खटाटोप पहिल्यापासून करावा लागतो, आणि शिवपुरम्‌च्या नकलेत तो किती कसबाने झाला होता हे नाइलाजाने मान्य करावे लागते.

अस्सल मूर्ती सापडली म्हणजे ती वाचली, असेही नाही. जमिनीतील क्षारांमुळे तांब्याचे क्लोराइड तयार होते. दमट हवेत त्याची फिकट हिरवी पूड सुटत राहते आणि तयार होणारे आम्ल आतला धातू कुरतडते. यालाच कांस्यरोग म्हणतात. मद्रासच्या सरकारी संग्रहालयात १९३० मध्ये रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. तेथे एस. परमशिवन यांनी विद्युत्‌विच्छेदनाने अशा मूर्तींवर उपचार केले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील भित्तिचित्रांच्या तंत्राचा शोध घेणारे आणि आपल्या अजिंठ्याच्या चित्रांकडेही वळलेले हेच परमशिवन. देवळांची अडचण निराळी आहे. उत्सवमूर्तीला दूध, दही, चंदनाचा अभिषेक होतो, चिंचेने ती उजळली जाते. शतकानुशतकांच्या या सेवेत नाकडोळ्यांची रेषा झिजते. संग्रहालयातील तज्ज्ञ हात लावू नका म्हणतो आणि पुजारी हात लावल्यावाचून पूजा कशी, असे विचारतो. दोघांचेही बरोबर आहे.

भोसल्यांच्या राज्यात १७९९ पर्यंत मोडणाऱ्या या परिसरात, खुद्द कुंभकोणममध्ये, आता मूर्तिचोरीच्या खटल्यांचे न्यायालय आहे. १ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथेच सुभाष कपूर या न्यूयॉर्कच्या कलाव्यापाऱ्यास उडैयारपाळयम् येथील मंदिरातील मूर्तींच्या चोरीप्रकरणी दहा वर्षांची शिक्षा झाली. तेथून स्वामिमलैची भट्टी मोटारीने अर्ध्या तासाच्या आत येते.