ग्रीनकार्डची वाट – भाग ६ : एक जूनचा जन्म आणि व्हिसाची मुलाखत

पोराला शाळेत घालायला आलेल्या आईबापांना जन्मतारीख सांगता आली नाही, की गुरुजी रजिस्टरात एक जून लिहून मोकळे होत. महाराष्ट्रातल्या कितीतरी माणसांनी याच तारखेवर नोकऱ्या केल्या, याच तारखेने निवृत्त झाले, पासपोर्टही काढले. कुणाचं काही अडलं नाही. अडतं ते वांद्रे-कुर्ला संकुलात, अमेरिकेच्या वकिलातीतल्या खिडकीपाशी. पासपोर्टवर १ जून १९६२, नगरपालिकेच्या जन्माच्या दाखल्यावर ऑगस्टमधली कुठलीतरी तारीख आणि अमेरिकेतल्या भावाने फार पूर्वी भरलेल्या अर्जात तिसरीच. तीनही कागद एकाच माणसाचे, पण समोरच्या अधिकाऱ्याला ते कळायचं कसं?

अर्ज कोण कुणासाठी करू शकतं आणि रांग कशी लागते, हे मागच्या भागांत आलं. आता रांग संपली आहे आणि मुलाखतीचं बोलावणं जवळ आलं आहे. भारतातल्या इमिग्रंट व्हिसाच्या बहुतांश मुलाखती मुंबईत होतात, त्यामुळे इथल्या रांगेत जालंधर, मेहसाणा आणि गुंटूरची कुटुंबंही सांगली-नाशिकच्या कुटुंबांशेजारी उभी दिसतात. २०११ पर्यंत ही रांग ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसबाहेर लागायची. वांकानेरच्या संस्थानिकांचा तो जुना वाडा सोडून वकिलात वांद्र्याला आली.

भावंडांच्या रांगेतल्या लोकांची अडचण इतरांहून वेगळी असते. अमेरिकी नागरिकांच्या भावंडांसाठी वर्षाला ६५,००० व्हिसा आणि कुटुंबाच्या व्हिसांमध्ये कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, असा १९९० च्या कायद्यातून आलेला हिशेब आहे. अलीकडच्या व्हिसा बुलेटिनांत भारतीय भावंडांची तारीख २००६ सालात रेंगाळत होती. म्हणजे चाळिशीत ज्याच्यासाठी अर्ज झाला, तो मुलाखतीला साठी गाठून येतो. मधल्या काळात आईवडील गेलेले असतात, घर बदललेलं असतं, आणि भावाने मूळ अर्जात काय लिहिलं होतं हे खुद्द भावालाही आठवत नाही. म्हणून तयारीतली पहिली गोष्ट म्हणजे त्या जुन्या आय-१३० अर्जाची प्रत अमेरिकेतून मागवून सगळ्यांनी बसून वाचणं. बहुतेक घरांत ही सोडून बाकी सगळी तयारी होते.

मुलांचं वय हा त्याहून नाजूक विषय. एकवीस वर्षं पूर्ण झाली की मूल आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं, हा साधा नियम. पण २००२ साली आलेल्या चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्टने त्याला एक दिलासा जोडला. मूळ अर्ज मंजुरीविना जितके दिवस पडून होता, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. समजा, मार्च २००६ मध्ये केलेला अर्ज मार्च २०१० मध्ये मंजूर झाला, तर चार वर्षं वजा. नंबर लागला त्या दिवशी मुलगी चोवीस वर्षांची असेल, तर कायद्याच्या हिशेबात ती वीस वर्षांची ठरते आणि आईवडिलांबरोबर जाऊ शकते. सव्वीस वर्षांची असेल तर नाही. अर्जावर बसून राहणाऱ्या सरकारी कचेरीचे उपकार मानावेत असा हा बहुधा एकमेव प्रसंग! मात्र नंबर लागल्यापासून एका वर्षाच्या आत पुढचं पाऊल उचलावं लागतं, आणि मुलगी अविवाहित असावी लागते.

या शेवटच्या अटीवर आपल्याकडची घरं अडखळतात. वाट पाहण्यात वर्षं जातात, स्थळ चांगलं येतं आणि लग्न उरकलं जातं. लग्न झालं की तिचा हक्क संपला. मग कुणीतरी सुचवतं, की लग्न नोंदवलेलंच नाही, तर सांगता कशाला? या सल्ल्याइतका घातक सल्ला दुसरा नाही. महत्त्वाची गोष्ट लपवून किंवा खोटं सांगून व्हिसा मिळवायचा प्रयत्न केला, तर अमेरिकी कायद्यानुसार त्या माणसावर कायमची बंदी येते. ती उठवण्यासाठी माफीचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो मोजक्याच नात्यांच्या आधारावर चालतो. लग्न सांगितलं तर मुलगी आज मागे राहते. लपवलं तर तिच्यासाठी पुढचीही दारं बंद होऊ शकतात.

नंबर जवळ आला की फाइल न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथ इथल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जागी होते. डीएस-२६० हा लांबलचक अर्ज ऑनलाइन भरायचा, कुटुंबाच्या व्हिसासाठी माणशी ३२५ डॉलर आणि स्पॉन्सरच्या हमीपत्रासाठी १२० डॉलर भरायचे, दाखले स्कॅन करून चढवायचे. मराठीतल्या प्रत्येक दाखल्याला इंग्रजी भाषांतर लागतं, आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात व भाषांतर अचूक आहे असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावं लागतं.

खरी कसरत नावांची. जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा कोरी, कारण बारसं नंतर झालं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी. लग्नात काही घरांत मुलीचं स्वतःचं नावही बदलतं, म्हणजे माहेरची कुसुम कागदावर एक आणि सासरची वैशाली दुसरी. आपल्या लेखी ही एकच बाई. तिच्याकडे नावबदलाचं राजपत्र असेल, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दोन्ही नावं असतील, तर अधिकाऱ्याच्या लेखीही एकच. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या अनेकांची नोंदच सापडत नाही. अशा वेळी नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणि जोडीला जुना पुरावा चालतो. शाळेचा दाखला यात सर्वांत उपयोगी. गेल्या वर्षी घाईघाईने करून घेतलेली साठ वर्षांपूर्वीच्या जन्माची नोंद एकटी उभी राहत नाही, तिलाही जुन्या कागदाचा टेकू लागतो. गोव्यातल्या कुटुंबांना इथे थोडं सोपं जातं, कारण तिथे पोर्तुगीज काळापासून नागरी नोंदणीची पद्धत आहे.

एक जूनवाल्यांनी काय करावं? दाखला आणि पासपोर्ट यांतला फरक फाइल वर पाठवण्याआधी मिटवावा, आणि दुरुस्तीचे कागद जपून ठेवावेत. दुरुस्ती शक्यच नसेल, तर तारीख चुकीची कशी पडली हे प्रतिज्ञापत्रात सरळ लिहावं. मुंबईतल्या अधिकाऱ्यांपुढे हे प्रकरण पहिल्यांदा येत नाही.

पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. विसरतात ते परदेशचे दाखले. सोळा वर्षांचे झाल्यानंतर दुसऱ्या देशात वर्षभर किंवा अधिक राहिलं असेल, तर सहसा तिथलाही लागतो. रत्नागिरी-रायगडमधली कितीतरी माणसं आखातात नोकरी करून आली आहेत. तीस वर्षांपूर्वी सोडलेल्या देशातून असा कागद आणायला वेळ लागतो, तेव्हा तो सर्वांत आधी मागवावा.

अमेरिकेतल्या नातेवाइकाचं आय-८६४ हमीपत्र अनेक घरांत निव्वळ सही समजलं जातं. ती कायदेशीर जबाबदारी आहे. त्याचं उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या निदान १२५ टक्के असावं लागतं. २०२५ च्या आकड्यांनुसार चार माणसांच्या घराला ही रक्कम साधारण ४०,१८७ डॉलर होते, आणि या चारांत त्याचं स्वतःचं कुटुंब आणि येणारी माणसं सगळी मोजायची. उत्पन्न कमी पडलं तर दुसरा स्पॉन्सर जोडता येतो. ज्याच्यासाठी सही केली तो नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या खाती साधारण दहा वर्षांचं काम जमा होईपर्यंत ही हमी सुटत नाही. नवरा-बायकोचा घटस्फोट झाला, तरीही नाही.

मग वैद्यकीय तपासणी. ती वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच, घरच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट इथे चालत नाही. पंधरा वर्षांवरच्यांचा छातीचा एक्स-रे निघतो, दोन ते चौदा वयाच्या मुलांची क्षयासाठी रक्ततपासणी होते, लसींच्या नोंदी पाहिल्या जातात. एक्स-रेवर जुना डाग दिसला तर तीन दिवस थुंकीचे नमुने घेऊन कल्चरला लावतात, आणि त्याचा निकाल यायला आठ आठवडे लागू शकतात. आपल्याकडे क्षय होऊन बरी झालेली माणसं घरोघरी आहेत, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तेव्हाच्या उपचारांची फाइल आणि जुना एक्स-रे बरोबर नेला तर डॉक्टरांना तुलना करता येते. विमानाची तिकिटं आणि घर विकण्याची बोलणी यानंतरच करावीत. किंबहुना, पासपोर्ट हातात पडल्यावरच.

मुलाखतीच्या दिवशी फोन आत नेता येत नाही. आत आधी एका खिडकीवर मूळ दाखले तपासून घेतात, मग नाव किंवा नंबर पुकारेपर्यंत बसायचं. अधिकारी काचेपलीकडे उभा असतो. तो उजवा हात वर करायला सांगतो, अर्जात लिहिलेलं आणि आता सांगणार ते खरं आहे अशी शपथ घ्यायला लावतो, आणि बोलणं सुरू होतं. मराठीत बोलायची सोय आहे, आणि ती घ्यावी. भाच्यांसमोर इंग्रजी बोलता येतं म्हणून साठीतले काका इथेही इंग्रजीच धरतात आणि न कळलेल्या प्रश्नाला ‘येस’ म्हणून बसतात. शपथेवर दिलेलं ते उत्तर असतं.

प्रश्न साधेच. तुम्ही भावंडं किती? थोरलं कोण? भाऊ अमेरिकेला कधी गेला, काय करतो? त्याची मुलं किती? नातं सिद्ध करायला दोघांच्या दाखल्यांवर आईवडिलांची तीच नावं हवीत. ती जुळत नसतील तर जुनं रेशन कार्ड, शाळेचे दाखले, लहानपणीचा घरच्यांसोबतचा फोटो हे सगळं उपयोगी पडतं. तरी शंका राहिली, तर डीएनए तपासणी सुचवली जाते.

नवरा-बायकोंच्या मुलाखतीत ठरवून केलेलं लग्न ही अडचण नसते. पाहण्याचा कार्यक्रम, पत्रिका, महिन्याभरात साखरपुडा, हे मुंबईतल्या अधिकाऱ्यांना परिचयाचं आहे. ते पाहतात लग्न खरं आहे की फक्त व्हिसासाठी. लग्नानंतर कितीदा भेटलात, तो कुठल्या गावात राहतो, कामाच्या वेळा काय, त्याचं आधीचं लग्न कसं मोडलं? यातल्या शेवटच्या प्रश्नावर मुली गडबडतात, कारण घरच्यांनी तो विषय कधी नीट बोलूच दिलेला नसतो. घटस्फोटाचा न्यायालयीन हुकूमनामा फाइलमध्ये असतोच, तो तिने वाचलेला असावा. पंचांपुढे झालेली काडीमोड कागदावर सिद्ध करणं फार जड जातं.

उत्तरं घोकून घेणारे एजंट या टप्प्यावर भेटतात. त्यांच्याकडे जाणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण भीती खरी असते. पण पाठ केलेलं उत्तर आणि आठवून दिलेलं उत्तर यांतला फरक रोज अशा मुलाखती घेणाऱ्याला ऐकताक्षणी कळतो. तारीख आठवत नसेल तर ‘नक्की आठवत नाही, पावसाळा होता’ हे चालतं. पूर्वी पर्यटक व्हिसा नाकारला गेला असेल तर तोही सांगावा. अर्जात तो प्रश्न आहे, आणि वकिलातीच्या नोंदीत उत्तरही आहे.

व्हिसा मंजूर झाला तर अधिकारी पासपोर्ट ठेवून घेतो. कागद कमी असेल तर २२१(जी) कलमाचा उल्लेख असलेली चिठ्ठी हातात पडते. तांत्रिकदृष्ट्या तो नकारच, पण बहुतेकदा अर्थ एवढाच, की मागितलेलं आणून द्या. वर्षभरात काहीच हालचाल केली नाही तर मात्र इतक्या वर्षांची रांग रद्द होऊ शकते.

खऱ्या नकारावर दाद मागणं किती अवघड, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. लॉस एंजेलिसच्या एका वकील महिलेच्या एल साल्व्हाडोरी पतीला तिथल्या वकिलातीने व्हिसा नाकारला होता. त्याच्या अंगावरच्या गोंदणावरून तो गुन्हेगारी टोळीतला असल्याचा संशय घेतला गेला. पत्नी अमेरिकी नागरिक, दोघांना एक मूल. तरीही सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने म्हटलं, की जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. हा निकाल अनेकांना निष्ठुर वाटला आणि तो तसा आहेही. काचेपलीकडच्या अधिकाऱ्याच्या निर्णयाला न्यायालय सहसा हात लावत नाही.

व्हिसा हाती आल्यावर त्याची मुदत आधी पाहावी. ती जास्तीत जास्त सहा महिने असते, आणि वैद्यकीय तपासणी जुनी असेल तर त्याहून कमी. पूर्वी एक मोहरबंद पाकीट मिळायचं, ते न उघडता अमेरिकी विमानतळावर द्यायचं असे. आता बहुतेक फायली संगणकावरूनच पुढे जातात. ग्रीनकार्डासाठी आणखी २३५ डॉलरचं शुल्क ऑनलाइन भरून निघावं. उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का पडला, की तोच व्हिसा वर्षभर तात्पुरत्या ग्रीनकार्डाचं काम करतो. नवविवाहितांनी एक तारीख कॅलेंडरवर वेगळी लिहून ठेवावी. अमेरिकेत पाऊल ठेवलं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर कार्ड दोनच वर्षांचं आणि सशर्त मिळतं. त्याची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ अर्ज करून अट काढून घ्यावी लागते, आणि या अर्जाची आठवण सरकार देईल या भरवशावर राहू नये.