घरात वास सुटला, म्हणून विष ठेवू नका



पावसाळा लागला, बिळांत पाणी शिरले, की अनेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते. "मोरीपाशी उग्र वास येतो. रात्री भिंतीच्या कडेने काहीतरी चिक्‌चिक् करत पळते." आणि लगेच कोणीतरी बाजारातून उंदराच्या विषाची पुडी आणतो. ती पुडी उघडण्यापूर्वी हा लेख वाचा, एवढीच विनंती.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. एका वस्तीवर अशीच तक्रार आली. मी जनावर न पाहताच सांगून मोकळा झालो, "उंदीर असतील. पिठात विष कालवून गोळ्या ठेवा." आठ दिवसांनी गेलो, तर अंगणात सगळे गप्प. गोठ्यातल्या गोळ्या टिपून चार कोंबड्या मेल्या होत्या, राखणीचा कुत्राही गेला होता. वास मात्र होता तसाच. घरातल्या आजींनी मला मोरीपाशी नेले आणि म्हणाल्या, "सायेब, ह्यो उंदीर न्हाई, चिचुंद्री हाय. ती दाणा खाती व्हय?" कृषी पदवीधराला त्या दिवशी आजींनी शिकवले. एक गोळी रांगत्या नातवाच्या हाती लागता लागता राहिली, हे त्यांनी नंतर सांगितले. ते मी आजवर विसरलेलो नाही.

ओळख आधी

चिचुंद्री उंदरासारखी दिसते, पण ती उंदराच्या जातीची नव्हे. तिचे नाक लांब व टोकदार, सतत हलणारे असते. डोळे अगदी बारीक, अंग राखी व मखमली, शेपूट बुडाशी जाड आणि तिच्यावर विरळ लांब केस. उंदराला कुरतडण्यासाठी पुढे छिन्नीसारखे दात असतात. चिचुंद्रीचे दात टोकदार, किडे पकडण्याचे. म्हणून पोती कुरतडलेली दिसली, तर तो उंदराचा किंवा घुशीचा प्रताप समजा.

तिच्या दोन्ही कुशींवर ग्रंथी असतात. त्यांतून तो उग्र वास येतो. म्हणूनच मांजर तिला मारते, पण सहसा खात नाही.

ती खाते काय?

झुरळे, रातकिडे, अळ्या, गांडुळे हे तिचे मुख्य अन्न. भूक जबर असल्याने रात्रभर तिचा शोध चालू असतो. म्हणजे एका परीने ती आपलेच काम करते. पण तिला डोक्यावर घेण्याचेही कारण नाही. उघडे अन्न ती नासवते, कोंबडीच्या लहान पिलांना इजा करू शकते आणि तिच्या अंगावर पिसवा असतात. तिला मारत सुटू नये आणि घरातही नांदू देऊ नये, हा मधला मार्ग बरा.

दाण्या-पिठाचे विष तिच्यासाठी निरुपयोगी का, हे आता ध्यानात आले असेल. ती ते सहसा खात नाही. खातात ते कोंबडी, कुत्रा आणि दुर्दैवाने लहान मूल. झिंक फॉस्फाइड पोटात गेले की त्याचा विषारी वायू बनतो आणि त्यावर खास उतारा नाही. कोणाच्या पोटात विष गेल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपायांत वेळ घालवू नका. पुडी बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.

मग करावे काय?

1. रात्री खरकटी भांडी ठेवू नका. कुत्र्या-मांजराचे उरलेले अन्न उचला. किडे कमी झाले की चिचुंद्रीही कमी होते.

2. मोरीच्या तोंडाला पाव इंची तारेची जाळी बसवा. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी ठोका.

3. सरपण, विटा, जुनी पोती भिंतीला टेकवून रचू नका. हातभर अंतर ठेवा.

4. भिंतीतील भोक बुजवण्यापूर्वी त्यात गवताचा सैल बोळा घाला. दोन-तीन दिवस तो हलला नाही, तर खडी व सिमेंटने भोक बंद करा. आत पिले असल्यास तीन-चार आठवडे थांबा. एकामागे एक शेपटीचे बूड तोंडात धरून चाललेली पिले दिसली, की ती बाहेर पडू लागली असे समजा. पिले आत कोंडून मेली, तर आधीचा वास बरा होता असे म्हणायची पाळी येईल.

5. पकडायचीच असेल, तर तारेच्या पिंजऱ्यात भाकरी नको. सुकट किंवा भज्याचा तुकडा लावा. पहाटेच पिंजरा पाहा, कारण उपाशी ती फार काळ तग धरत नाही. घरापासून दूर बांधावरच्या झुडपात सोडा. हात लावू नका. चावलीच, तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

6. खुराड्याला बारीक जाळी लावा. पिले रात्री बंद ठेवा.

वास गेला नाही, तर जागा साबणाने धुवा, भिंतीला चुना द्या आणि गोधड्यांना दोन दिवस कडक ऊन दाखवा.

खर्च म्हणाल, तर हातभर जाळी आणि पत्र्याची एक पट्टी. त्या वस्तीवरही शेवटी एवढेच केले आणि मोरीपाशी पुन्हा चिचुंद्री आली नाही. गेलेल्या कोंबड्या आणि कुत्रा मात्र परत आले नाहीत. म्हणून सांगतो, आधी कंदील घेऊन मोरीपाशी बसा आणि जनावर डोळ्यांनी पाहा. घरात एखादी आजी असेल, तर तिलाही विचारा.