मेमरीचा हिशेब (भाग ७) : शून्य बाइट मागितले तर?

मॅलोक हे फंक्शन हीपमधून जागा कशी काढून देते, ते मागच्या भागात पाहिले. याच मॅलोककडे शून्य बाइट मागितले तर काय होते, हा प्रश्न वरवर व्हायवात अडवण्यापुरताच वाटतो. पण साध्यासुध्या प्रोग्रामचे वागणे त्यावर बदलते. अंधेरी, विद्याविहार, मुलुंडकडच्या कॉलेजांच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षे बोर्लंडच्या टर्बो सीवर प्रॅक्टिकल झाली. पुढे लिनक्सवरचे जीसीसी आले. जर्नलमधला नेहमीचा प्रोग्राम घ्या. विद्यार्थ्यांची संख्या विचारायची, तेवढ्या गुणांसाठी जागा मागायची आणि नल आले तर ‘मेमरी शिल्लक नाही’ असे छापून बाहेर पडायचे. आता संख्या म्हणून ० टाका. शून्याच्या मागणीला टर्बो सी नल देते, त्यामुळे मेमरी मोकळी असूनही ती संपल्याची तक्रार पडद्यावर येते. लिनक्सवर तोच प्रोग्राम रिकामी यादी छापतो आणि मुकाट संपतो.

गंमत म्हणजे नियमाने दोघेही निर्दोष. त्या काळी वेगवेगळ्या यंत्रणांवर दोन्ही रिवाज रुळलेले होते आणि १९८९च्या सी मानकाने दोन्ही चालवून घेतले : नल द्या, नाहीतर एखादा वेगळा पॉइंटर द्या. अट एकच, त्या पॉइंटरवरून काही वाचायचे-लिहायचे नाही. माझ्या मते यातला दुसरा मार्गच सरस. शून्य ही बाकीच्या संख्यांसारखीच रास्त मागणी आहे, आणि नलचा अर्थ ‘जमले नाही’ एवढाच राहायला हवा. सी प्लस प्लसने हे ओळखले. तिथल्या न्यूकडे शून्य बाइट मागितले तरी, जागा असेपर्यंत, नल मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप उधळपट्टीचा. ६४-बिट लिनक्सवरची सी लायब्ररी ग्लिबसी शून्य बाइटांसाठीही ३२ बाइटांचा तुकडा खर्ची घालते. पण अशा एक लाख मागण्या केल्या तरी हिशेब ३२ लाख बाइटांचा, म्हणजे जेमतेम तीन एमबी. दुसरा आक्षेप वजनदार आहे. त्या ३२पैकी २४ बाइट प्रत्यक्षात लिहिण्याजोगे असतात, त्यामुळे चुकून तिथे काही लिहिले तर चूक दडून राहते. नल असते तर प्रोग्राम तिथल्या तिथे कोसळला असता. हे खरेच आहे, पण त्यासाठी नलच लागते असे नाही. ओपनबीएसडी अशा मागणीला वाचन-लेखनाची परवानगीच नसलेल्या पानावरचा पत्ता देते. लिनक्स कर्नलमधले केमॅलोक १६ हा ठरावीक पत्ता देते. तो नल नाही, पण त्याला हात लावताच दोष उघडा पडतो, आणि केफ्रीला तो परत दिला तर काही बिघडत नाही. शून्य आणि अपयश वेगळे राहतात, शिवाय चूकही पकडली जाते.

तिसरा आक्षेप असा, की मागणाऱ्यानेच आधी संख्या तपासावी, लायब्ररीला कशाला बोल लावायचा? त्याचे उत्तर ब्लॉकचा आकार बदलणारे रिॲलोक देते. जुन्या ब्लॉकचा आकार शून्य करा म्हटले, की ग्लिबसी तो ब्लॉक सोडून देते आणि नल परत करते. नल म्हणजे अपयश आणि अपयश आले तर जुना ब्लॉक शाबूत, हे पाठ असलेला प्रोग्रामर मग तोच ब्लॉक स्वतः फ्री करतो. एकच जागा दोनदा सोडली जाते आणि हीपचा हिशेब विस्कटतो. इथे फसतो तो नल तपासणारा, सावध माणूस. सीच्या मानक समितीलाही अखेर या गोंधळातून वाट सापडली नाही : सी१७मध्ये ही सोय कालबाह्य ठरली आणि सी२३ने तिचे वर्तन अपरिभाषित म्हणून जाहीर केले. एकाच नलवर दोन अर्थ लादल्याची ही किंमत आहे.

मानक बदलणे आपल्या हाती नाही, सवय आहे. मॅलोककडून नल आले तर मागितलेली संख्या शून्य नव्हती ना, हे पाहूनच मेमरी संपल्याचे म्हणा. ब्लॉक नको असेल तेव्हा सरळ फ्री वापरा. रिॲलोकला शून्य कधीही देऊ नका.