वेळापत्रक कोणाच्या हाती?

खेळात फक्त गुणवत्ता चालते, असे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. मग बाळू पालवणकरांचे काय झाले? १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. निर्णयाचा कागद कोणाच्या हाती, हाच खरा प्रश्न आहे.

आज पिकलबॉल नवा आहे. देवळ्यासारख्या गावी आपल्या मंडळांनी जयंतीनिमित्त ही स्पर्धा भरवावी, असे आम्हास वाटते. कोर्ट २० बाय ४४ फूट, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढेच. कडक सिमेंटची जागा पुरते. आठ जोड्या सर्वांशी खेळल्या तर २८ सामने होतात. चार-चारचे दोन गट पाडले तर उपांत्य व अंतिम धरून १५. कोर्ट दोन, सामन्याला अर्धा तास. एका पाळीत एका गटाचे दोन्ही सामने, पुढच्या पाळीत दुसऱ्या गटाचे. प्रत्येक जोडीला विसावा मिळतो. सकाळी सातला सुरुवात केली तर बाराच्या आत सर्व आटोपते.

मात्र चिठ्ठ्या सर्वांसमक्ष टाका. वेळापत्रक आदल्या दिवशीच फळ्यावर लावा. मुलींचे सामने भर उन्हात ढकलू नका. कांदा काढणीला जाणाऱ्या पोराची मजुरी बुडू नये म्हणून त्याची वेळ आधी विचारा. संविधानातील समान संधी त्या फळ्यावरही दिसली पाहिजे. जयभीम!